हाताला राहिलेली ओळख

परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यातील येलदरी हे नाव मराठवाड्याबाहेर पोहोचले ते पूर्णा नदीवरील धरणामुळे. अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावणारी ही नदी गोदावरीला मिळण्यापूर्वी येथे अडविली गेली. १९६० च्या दशकात चार किलोमीटरहून अधिक लांबीचा बांध उभा राहिला, पायथ्याशी वीजगृह झाले, आणि खालच्या अंगाला सिद्धेश्वरच्या धरणाची जोड मिळून पूर्णेचे पाणी कालव्यांनी शिवारात गेले. धरणाने दिलेल्या पाण्याचा आणि विजेचा हिशेब मांडता येतो. त्याने घेतलेल्या जमिनीचा हिशेबही सरकारी दप्तरात असतो: इतके गुंठे, इतकी झाडे, इतक्या खणांचे घर. परंतु धरणाखाली गेलेल्या कोणत्याही गावातील म्हाताऱ्या माणसाला जुन्या घराविषयी विचारले, तर ते खणांची संख्या सांगत नाही. बोलता बोलता त्याचा हात हवेत काहीतरी चाचपू लागतो. जात्याचा झिजून गुळगुळीत झालेला खुंटा, दाराच्या चौकटीला अंधारातही नेमकी सापडणारी कडी, आईच्या जुन्या लुगड्यांची शिवलेली वाकळ, बैलाच्या वशिंडावरून फिरविलेला तळवा यांच्या आठवणी निघतात. पाहिलेले पुष्कळसे पुसट झालेले असते. हाताला लागलेले मात्र ताजे असते.

ही केवळ म्हातारपणीची हळवी समजूत आहे काय? की स्पर्शाच्या आठवणीला मेंदूत खरोखरच काही निराळे स्थान आहे? गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत मज्जाशास्त्राने या प्रश्नाचा मागोवा घेतला आहे, आणि त्यातून हाती आलेली उत्तरे दवाखान्याला, शाळेला आणि समाजालाही काही सांगणारी आहेत.

आरंभ एका लहानशा प्रयोगापासून करता येईल. स्वित्झर्लंडमधील वैद्य एदुआर क्लापारेद यांनी १९११ साली एका स्मृतिभ्रंश झालेल्या बाईची हकिकत प्रसिद्ध केली. या बाईला जुने आठवत असे, पण नवे काहीही लक्षात राहत नसे. रोज भेटणारे डॉक्टरही तिला रोज नवे वाटत. एके दिवशी क्लापारेद यांनी बोटांत टाचणी लपवून तिच्याशी हस्तांदोलन केले. टाचणी टोचली, तिने हात मागे घेतला, आणि थोड्याच वेळात ती घटना विसरून गेली. पुढे पुन्हा डॉक्टरांनी हात पुढे केला तेव्हा, त्यांना आपण ओळखत नाही असे म्हणणाऱ्या त्या बाईने झटकन आपला हात आखडता घेतला. कारण विचारता, लोकांच्या हातात कधी कधी टाचण्या असतात, अशा अर्थाचे काहीतरी ती बोलली. परंतु टाचणी आपल्यालाच टोचली होती, हे तिला सांगता आले नाही. घटना विसरली गेली होती. तिचा धाक हाताने जपून ठेवला होता.

अर्थात, हात आठवण ठेवतो हे म्हणण्यापुरतेच. त्वचेत साठवण नसते. साठवण मेंदूतच असते. मात्र ती एका कोठारात नसते. काय घडले, कोठे घडले, केव्हा घडले, याची नोंद बांधण्याचे काम मेंदूच्या आतल्या बाजूस असलेला, समुद्रघोड्याच्या आकाराचा हिप्पोकॅम्पस नावाचा भाग करतो. घडलेल्या गोष्टीतील भय, हर्ष, धोका, आधार यांची खूण करण्याचे काम त्याच्या शेजारच्या, बदामाच्या आकाराच्या अमिग्डाला या भागाकडे असते. हाताला पडलेल्या सवयी आणखी निराळ्या मार्गांनी जपल्या जातात. यांपैकी एक भाग जायबंदी झाला तरी दुसरा काम करीत राहू शकतो. म्हणूनच स्वतःच्या मुलाचे नाव विसरलेली वृद्ध आई त्या मुलाने हात हातात घेताच शांत होते, असा अनुभव अनेक घरांतून येतो. नाव गेले तरी त्या हाताचा आधार सर्वच्या सर्व गेलेला नसतो.

स्पर्शाच्या बाबतीत आणखी एक विशेष गोष्ट आढळून आली आहे. त्वचेपासून मेंदूकडे जाणारे तंतू एकाच जातीचे नसतात. वस्तू खरखरीत आहे की गुळगुळीत, नाणे रुपयाचे आहे की दोन रुपयांचे, ही माहिती नेणारे तंतू जाड, वेष्टन असलेले आणि अतिशय वेगवान असतात. यांच्याखेरीज बारीक, बिनवेष्टनाच्या तंतूंचा एक वर्ग आहे. त्यांचा संदेश सेकंदाला सुमारे एक मीटर इतक्या संथ गतीने जातो. असे तंतू मांजरात असल्याचे स्वीडनचे इंग्वे झॉटरमन यांनी १९३९ मध्ये दाखविले होते. माणसात ते सापडायला पुढे अनेक दशके जावी लागली. हे तंतू टोचण्याने वा दाबण्याने फारसे जागे होत नाहीत. सेकंदाला एक ते दहा सेंटिमीटर इतक्या वेगाने, अंगाच्या उबेइतक्या उबेचा हात हळुवार फिरला की ते सर्वाधिक जागे होतात. झोपणाऱ्या मुलाच्या पाठीवरून आईचा हात ज्या वेगाने फिरतो, तो हाच वेग होय. त्या आईला कोणी वेग मोजून दिलेला नसतो.

या तंतूंचे काम काय, याचा उलगडा २००२ मध्ये एका दुर्मीळ रुग्णामुळे झाला. या स्त्रीचे जाड, वेगवान तंतू आजाराने निकामी झाले होते. तिला नाकाखालच्या अंगाला स्पर्श समजत नाही, असेच मानले जात होते. स्वीडनचे होकान ओलाउसोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्या हातावरून मऊ कुंचला फिरविला, तेव्हा तिला अंधूकसे, पण सुखद असे काहीतरी जाणवले. कुंचला कोणत्या दिशेने फिरला ते मात्र तिला सांगता आले नाही. मेंदूचे चित्रण केले तेव्हा वस्तूचा आकार-पोत ओळखणारा भाग स्वस्थ होता. जागृत झाला होता तो इन्सुला नावाचा भाग, ज्याचा संबंध देहाच्या अंतःस्थितीशी, भूक-तहान-ऊब-वेदना यांच्या जाणिवेशी आणि भावनेशी आहे. ‘हे काय आहे’ असे विचारणारा एक स्पर्श आणि ‘मी सुरक्षित आहे काय’ असे विचारणारा दुसरा स्पर्श, असे दोन मार्ग माणसाच्या अंगात जन्मापासून असतात, असे यावरून म्हणता येईल. पहिल्याचे ज्ञान होते, दुसऱ्याची ओढ लागते. दाब आणि स्पर्श ओळखणारी सूक्ष्म द्वारे पेशींच्या आवरणात कशी असतात, हे दाखविणारे आर्डेम पटापूटियन यांना २०२१ चा वैद्यकशास्त्राचा नोबेल पुरस्कार डेव्हिड ज्युलियस यांच्याबरोबर मिळाला, तेव्हा या दुर्लक्षित इंद्रियाकडे जगाचे लक्ष पुन्हा वळले.

भावनेची खूण असलेली घटना मेंदू अधिक घट्ट धरून ठेवतो, हे आता पुरेसे सिद्ध झाले आहे. संकटाच्या वा हर्षाच्या क्षणी रक्तात उतरणारे रस अमिग्डालामार्फत स्मृतीची बांधणी पक्की करतात. मात्र येथे एक सावधगिरी पाळली पाहिजे. पक्की आठवण म्हणजे अचूक आठवण नव्हे. प्रत्येक वेळी आठवताना मेंदू ती नव्याने घडवितो आणि घडविताना तीत फेरफारही होतात. येलदरीच्या पाण्याखाली गेलेल्या एखाद्या घराचा उंबरठा आठवणीत असेल तितका उंच कदाचित नसेलही. पण त्या उंबरठ्यावर बसविणाऱ्या आजीच्या हाताने जो धीर दिला, त्याचे मोल उंचीच्या मोजमापाने कमी होत नाही.

या ज्ञानाचा पहिला उपयोग पाळण्यापाशी होतो. महाराष्ट्रातील घराघरांतून न्हाऊ-माखू घालण्याची रीत पिढ्यान्पिढ्या चालत आली आहे. आजी वा सुईण पाटावर पाय पसरून बसते, पायांवर बाळाला पालथे घेते, कोमट तेलाने पाठ, मांड्या, पोटऱ्या चोळते, टाळू भरते, ऊन पाणी घालते, आणि मग धुरी देऊन दुपट्यात गुंडाळते. या रीतीत सर्वच काही शास्त्राला मान्य होणारे नाही. जन्मल्याबरोबर अंघोळ घालणे बाळाला गारठविणारे असते, धूर त्याच्या फुप्फुसांना बाधक असतो, आणि जोराने रगडणेही बरे नव्हे. परंतु दिवसातून अर्धा-पाऊण तास एका जाणत्या माणसाचे ऊबदार हात त्या बाळाच्या सर्वांगावरून संथपणे फिरतात, हा त्या रीतीचा गाभा मात्र शास्त्राने उचलून धरला आहे.

माँट्रियल येथे मायकेल मीनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवर केलेल्या संशोधनात असे दिसले की, ज्या पिल्लांना त्यांची आई अधिक चाटते-गोंजारते, ती मोठेपणी संकटाला कमी घाबरतात. २००४ मध्ये त्यांनी याचे कारणही दाखविले. चाटण्या-गोंजारण्याने पिल्लाच्या मेंदूतील, ताण आवरणाऱ्या एका जनुकावरील रासायनिक खुणा बदलतात आणि तो बदल मोठेपणापर्यंत टिकतो. पिल्लाला त्यातले काही आठवत असेल असे नाही. तरीही त्याचा मेंदू ते विसरलेला नसतो.

माणसाच्या बाळाविषयीचा धडा कोलंबियातून आला. १९७८ साली बोगोटा येथील रुग्णालयात काचपेट्या अपुऱ्या पडत असताना, डॉक्टर एडगर रे यांनी अपुऱ्या दिवसांच्या बाळांना आईच्या छातीशी, त्वचेला त्वचा लावून बांधून ठेवण्याची पद्धत सुरू केली. कांगारू आपल्या पिल्लाला पोटाच्या पिशवीत ठेवते, त्यावरून तिला कांगारू-संगोपन हे नाव पडले. अडचणीतून निघालेली ही युक्ती पुढे अव्वल दर्जाचा उपचार ठरली. भारतासह पाच देशांत झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत, कमी वजनाच्या बाळांना स्थिर होण्याची वाट न पाहता जन्मानंतर लगेच असे छातीशी धरले, तर पहिल्या अठ्ठावीस दिवसांतील मृत्यू सुमारे पंचवीस टक्क्यांनी कमी होतात, असे आढळले. इस्रायलमध्ये रुथ फेल्डमन यांनी अशा मुलांचा दहा वर्षे पाठपुरावा केला. त्यांची झोप, ताण सोसण्याची शक्ती आणि आकलन ही इतर तशाच मुलांहून सरस दिसली. आठवण म्हणून सांगता येईल असे काही त्या मुलांपाशी नव्हते. तरी त्या पहिल्या चौदा-पंधरा दिवसांचा लाभ दहाव्या वर्षी दिसत होता. नवजात कक्षाबाहेर आईला बाकावर ताटकळत बसविणारी शिस्त मग शिस्त राहत नाही, ती उपचारातील उणीव ठरते. ज्या जिल्ह्यांत यंत्रे थोडी आणि अंतरे लांब, त्या मराठवाड्यासारख्या भागात तर आईच्या छातीची ऊब हे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जवळचे साधन आहे. त्यासाठी लागते ती एक खुर्ची, एक पडदा, आणि आईला आत येऊ देण्याची परवानगी.

स्पर्श लाभल्याची आठवण राहते, तशी तो नाकारल्याचीही राहते. याचा पुरावा शोधायला महाराष्ट्राला दूर जावे लागत नाही. कुष्ठरोगाचा जंतू मज्जातंतूंवर घाला घालतो. हातापायांची संवेदना जाते, आणि न जाणवणाऱ्या जखमांनी बोटे झडतात. रोगी असा स्वतःच्या स्पर्शाला मुकतो, आणि त्याच वेळी समाज त्याला आपल्या स्पर्शापासून तोडतो. संस्कृत पंडित परचुरे शास्त्री या रोगाने पीडित होऊन १९३९ च्या सुमारास सेवाग्रामला आले, तेव्हा गांधीजींनी त्यांना आश्रमात ठेवून घेतले आणि स्वतःच्या हातांनी त्यांचे अंग चोळले. वरोऱ्याजवळ आनंदवन उभे करणारे बाबा आमटे पावसात पडलेल्या एका कुष्ठरोग्याला पाहून प्रथम भ्याले आणि दूर गेले. मग आपल्या भयाचीच लाज वाटून परत आले. त्या परतण्यातून १९४९ साली महारोगी सेवा समिती जन्मास आली. वेल्लोरला हजारो रुग्णांच्या हातांवर शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर पॉल ब्रँड यांनी एक अनुभव सांगून ठेवला आहे. बोलता बोलता त्यांनी एका रुग्णाच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो माणूस रडू लागला. आपले काही चुकले काय, असे त्यांनी दुभाषी बाईंना विचारले. अनेक वर्षांत त्याला कोणी हात लावला नव्हता, असे उत्तर आले. १९८० च्या दशकापासून बहुविध औषधांच्या उपचाराने हा रोग पुरता बरा होतो. मात्र नाकारलेल्या स्पर्शाची आठवण कोणत्याही गोळीने बरी होत नाही.

रोगाचे निमित्तही नसताना जन्मावरून स्पर्श नाकारण्याची व्यवस्था या भूमीत शतकानुशतके चालली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३० च्या दशकात आपले काही अनुभव इंग्रजीत लिहून ठेवले. त्यांत साताऱ्याच्या बालपणाची हकिकत आहे. शाळेत बसायला घरून गोणपाट न्यावे लागे. तहान लागली तरी नळाला हात लावायचा नाही. शिपायाने नळ सोडला तरच पाणी, शिपाई नसला तर पाणी नाही. गावात न्हावी पुष्कळ, पण एकही त्यांच्या डोक्याला हात लावीना. म्हणून थोरली बहीणच भावांचे केस कापी, आणि करता करता त्या कामात ती निष्णात झाली. हे लिहिताना बाबासाहेब चाळिशी ओलांडलेले, परदेशी विद्यापीठांच्या पदव्या घेतलेले आणि गोलमेज परिषदेला जाऊन आलेले होते. तरीही तीन दशकांपूर्वीचा तो नळ त्यांच्या आठवणीत जसाच्या तसा होता. आणि बहिणीचे हातही होते. त्या लिखाणात अपमान आणि माया या दोहोंची नोंद एकाच घटनेत सापडते. १९५० पासून अमलात आलेल्या संविधानाच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली, १९५५ च्या कायद्याने तिचे आचरण शिक्षेस पात्र ठरविले. या तरतुदींकडे केवळ हक्कांच्या भाषेत पाहिले जाते. परंतु मुलाच्या मेंदूवर आयुष्यभराचा ओरखडा उमटविण्याचा अधिकार कोणालाही नाही, असाही त्यांचा अर्थ होतो.

येथे हा विषय शाळेच्या दारात येऊन उभा राहतो. घरानंतर मुलाला परक्या मोठ्या माणसाचा हात प्रथम भेटतो तो शिक्षकाचा. पहिल्या अक्षरासाठी पाटीवर मुलाचा हात धरून गिरवून घेणारे गुरुजी ज्यांना लाभले, त्यांना त्या हाताची पकड उतारवयातही आठवते. गणित चुकले म्हणून तळव्यावर बसलेली छडीही तितकीच आठवते. गणित आठवत नाही. भयाच्या क्षणी मेंदू धोक्याची नोंद करण्यात गुंतलेला असतो, पाढ्याकडे लक्ष द्यायला त्याला उसंत नसते. क्लापारेद यांच्या रुग्णाने टाचणीचा प्रसंग गमावून नुसता धाक जपला. मार खाणारे मूलही पुष्कळदा तेच करते. धडा जातो आणि धाक राहतो. बालकांच्या शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याने, सतराव्या कलमाद्वारे, शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला मनाई केली आहे. छडीवाचून वर्ग कसा सांभाळावा ही शिक्षकांची अडचण खोटी नाही, विशेषतः एका वर्गात साठ-सत्तर मुले असतील तेथे. पण त्या अडचणीचे मोल मुलाच्या तळव्याने चुकते करणे हा तिच्यावरील उपाय नव्हे.

याचा अर्थ प्रत्येक स्पर्श चांगला असाही नव्हे. नकोसा, लपवून केलेला, दडपणाने केलेला स्पर्श मनात किती खोल जखम करतो, हे २०१२ मध्ये बालकांच्या लैंगिक संरक्षणाचा कायदा करावा लागला यावरूनच कळावे. अशी जखम झालेले मूल कित्येकदा काय घडले ते सांगू शकत नाही. ते फक्त कोणी जवळ आले की अंग चोरते. मोठ्यांनी त्या अंग चोरण्याची दखल घ्यावी, शब्दांचीच वाट पाहू नये. त्याचबरोबर, या भयापोटी शाळेतील सर्वच स्पर्श संशयास्पद ठरवून मुलांना कोरडे अंतर देणे हाही मार्ग नव्हे. उघड्यावर, सर्वांदेखत, मुलाला हवासा वाटेल तेवढाच, आणि नको म्हणताच थांबणारा, असा आधाराचा स्पर्श ओळखता येतो. मुलांनाही तो ओळखायला शिकविता येतो.

जी गोष्ट पाळण्यापाशी आणि शाळेत खरी, तीच आयुष्याच्या दुसऱ्या टोकालाही खरी आहे. येलदरीच्या परिसरातून, किंबहुना साऱ्या मराठवाड्यातून, तरुण माणसे पोटासाठी पुण्या-मुंबईकडे जातात. गावी राहिलेल्या आईवडिलांना ती पैसे पाठवितात, दूरध्वनीवर रोज बोलतात, आताशा चेहराही दाखवितात. चेहरा दिसतो, आवाज ऐकू येतो, औषधाला पैसा पुरतो. पण ज्या हातांनी त्यांना न्हाऊ घातले, त्या सुरकुतलेल्या हातांना महिनोन्महिने कोणी धरलेले नसते. त्यांच्यासाठी फार मोठी योजना लागत नाही. सणाला घरी आलेल्या मुलाने पिशवी खाली ठेवून आधी आईजवळ बसावे, तिच्या पायांना तेल लावून द्यावे. नळाच्या जोडणीचे आणि उताऱ्यावरच्या नावाचे बोलणे त्यानंतर करता येईल. बाळपणी तिने ज्या संथ वेगाने त्याची पाठ चोळली होती, तो वेग त्याच्या हाताला शिकवावा लागणार नाही.